ठमाईचा वेळू

नेमकी किती वर्षं झाली ते विचारू नका. टेंभूरपेठेत दुकानांचे ओटे अजून शेणानं सारवले जात होते आणि मंगळवारच्या बाजाराला बारा गावं लोटत होती, तेव्हाची ही गोष्ट. वेशीपासून नदीपर्यंत पेठेचा एकच रस्ता. तो किती रुंद असावा याचं माप म्हणून जुन्या लोकांनी एक वेळू तोडून देवळात ठेवला होता. वेळू रस्त्यात आडवा धरायचा आणि चालत जायचं. कुठं अडला नाही तर रस्ता शाबूत.

पण माप देवळात ठेवलं म्हणून हाव थोडीच मापात राहते? ओटे वाढायला लागले. दर दिवाळीला सारवणाच्या निमित्तानं एक वीत. समोरच्यानं घेतली म्हणून यानं घेतली, यानं घेतली म्हणून शेजाऱ्यानं घेतली. सगळ्यांच्या पुढं होता दुल्लभशेट, गुळाचा व्यापारी. त्याच्या दारात रस्ता इतका चिंचोळा झाला की गाड्या वेशीबाहेरच उतरू लागल्या आणि पाट्या घेतलेल्या बायका अंग चोरून चालू लागल्या. कुणी बोललं नाही. बोलणार कुणाला? पाटलाचाच ओटा दोन हात पुढं होता. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद कुणाकडं मागायची?

वेशीपाशी ठमा बुरडीण राहायची. ती आणि तिचा नवरा सटवा सुपं, पाट्या, कणग्या विणायचे. गावात कुणी गेलं की तिरडी सटवाच बांधायचा, आणि त्याची गाठ कधी सैल पडली नाही. दुल्लभशेटच्या बापाची तिरडी त्यानंच बांधली होती. ती याच रस्त्यानं, चार खांद्यांवर, अगदी थाटात नदीवर गेली होती.

मग एका मंगळवारी सकाळी सटवाच गेला. ठमानं त्याची तिरडी स्वतःच्या हातानं बांधली. लोकांनी ती उचलली, निम्मी पेठ ओलांडली, आणि दुल्लभशेटच्या ओट्यापाशी सगळं अडलं. जोडीनं चालायला खांदेकऱ्यांना जागाच नव्हती. पाटील शेटच्याच ओट्यावर बसला होता, तो बसल्याजागी म्हणाला की जरा कलती करा. त्यांनी कलती केली आणि सटवाचं डोकं ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलं. तो आवाज ठमानं ऐकला. दुल्लभशेटनं वर तोंड करून सुचवलं, बाजाराचा खोळंबा होतोय, मागच्या उकिरड्याच्या वाटेनं घेऊन जा.

ठमानं तिरडी खाली ठेवायला लावली, भर रस्त्यात, आणि उशाशी बसली. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. रागानं सारं पाणी आटवलं होतं, असं म्हणतात.

"ज्यानं अख्ख्या गावाला सरळ पोचवलं, त्याला तुम्ही बोचक्यावाणी तिरपं नेणार?" ती म्हणाली. "माझा धनी सरळ जाईल. न्हाईतर हितंच ऱ्हाईल."

आता गावात मढं पडलेलं असताना चूल पेटत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. बाजार बसला, पण भट्टी पेटेना. दुपारपर्यंत ओट्यांवरच्या लोकांना भुकेनं घेरी यायला लागली. मग पाटलानं शक्कल काढली. म्हणाला, माप काढा, म्हणजे या बाईचं तोंड बंद होईल. गुरवानं कापडात गुंडाळलेला वेळू देवळातून आणला. तो मूळचा किती हात होता हे कुणालाच आठवत नव्हतं, कारण कित्येक वर्षांत कुणी तो पाहिला नव्हता. रस्त्यात आडवा धरला तर दुल्लभशेटच्या ओट्यापाशीसुद्धा मोकळा फिरला. पाटील हसला.

ठमा उठली. तिनं वेळूचं एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि त्या दुसऱ्या टोकात आपलं बोट खुपसलं. बोट मुळापर्यंत आत गेलं.

"बुरूड मापाचा वेळू गाठीवर तोडतो, दोन्ही तोंडं बंद राहावीत म्हणून," ती म्हणाली. "हे तोंड उघडं हाय. देवाचं माप कुणी खाल्लं?"

गुरवाची मान खाली गेली. दुल्लभशेट मात्र बधला नाही. कीड लागली असेल म्हणून तोडला असेल, असं पुटपुटत तो घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. निर्लज्जम् सदासुखी, दुसरं काय!

ठमानं वेळूचं ते उघडं तोंड मातीत रोवलं आणि पुन्हा उशाशी बसली. ती रात्र गेली. सटवाच्या अंगावर माशी बसली नाही, असं म्हणतात. आणि सकाळी लोक पाहतात तर शंभर वर्षं वाळलेला वेळू हिरवागार, पेरापेरानं दुप्पट झालेला! काहीजण सांगतात की गुरवानंच पहाटे कापलेला तुकडा आणून दिला आणि ठमानं तो सांधला. तुम्हाला पटेल ते धरा. मी हिरवा वेळू धरतो.

तो आडवा धरला तेव्हा त्याचं टोक दुल्लभशेटचा ओटा ओलांडून थेट गादीला जाऊन लागलं. तरी गादीवर येऊन बसलेला शेट हलेना. तेवढ्यात त्याची म्हातारी आई भिंत धरत बाहेर आली. तिनं खाली सटवाकडं पाहिलं, कोपऱ्याकडं पाहिलं.

"दुल्लभ, मलाही याच वाटेनं जायचंय," ती म्हणाली. "माझंही डोकं असंच आपटणार आहेस का?"

शेट खाली उतरला. त्यानं मजूर हाक मारून बोलावला, तशी ठमा आडवी आली. ज्यानं खाल्लं त्यानंच ओकायचं, ती म्हणाली. मग दुल्लभशेटनं स्वतः पहार उचलली. त्याच्या मागोमाग समोरच्यानं, शेजाऱ्यानं आणि सरतेशेवटी पाटलानं. हातांना फोड येईपर्यंत सगळे फोडत राहिले. दिवस कलताना सटवा नदीवर गेला, चार खांद्यांवर, सरळ. ठमा पुढं चालत होती, आणि ती रडली ती नदीवर पोचल्यावरच.

ठमाई जाऊनही पिढ्या उलटल्या. ओटे गेले, कौलं गेली, शटरं आली, तीनमजली इमारती आल्या. पण दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी बुरूडवाड्यातल्या बायका वेळू आडवा धरून वेशीपासून नदीपर्यंत चालतात. जिथं तो अडेल तिथं मालकानं स्वतःच्या हातानं फोडायचं, आणि तोवर पेठेत चूल पेटवायची नाही.

परवाच्या दिवाळीनंतर वेळू अडला नव्या कॉम्प्लेक्सच्या ग्रॅनाइटच्या पायरीला. मालक मंजूर नकाशा घेऊन आला, फोन लावले, आवाज चढवला. बायका वेळू घेऊन तिथंच बसल्या. पेठेतले गॅस बंद झाले, भज्यांच्या कढया थंड पडल्या, गिऱ्हाईक परत फिरलं. संध्याकाळी त्या बाबानं इस्त्रीच्या कपड्यांत घण उचलला. एक टवका उडाला आणि त्यानं विचारलं, झालं ना आता?

"आणखी हाण," वेळू धरलेली म्हातारी म्हणाली. "तुझ्या बापाला हितनं सरळ नेलाय आम्ही."

त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा घण उचलला.