नव्या शाळेचा चिखल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या राजांना अधूनमधून लाज वाटत असे, यावरून ती किती जुनी आहे ते समजून घ्या.

एका राज्यात शाळांमधली मुलं कमी होऊ लागली. राजानं दरबार भरवला. प्रधान म्हणाला, "शाळा मातीच्या, छपरं गळकी. मुलं येतील कशाला? घुमटाच्या सात नव्या शाळा बांधू!"

खजिनदार म्हणाला, "मुलंच नाहीत, तर घुमट कुणाला शिकवणार? उलट आहेत त्याही शाळा बंद करू."

दोघं पावसाळाभर भांडले. मुलं गेली कुठं, हे पाहायला मात्र एकही जण उठून बाहेर गेला नाही. बाहेर चिखल होता ना!

शेवटी राजानं दोघांचंही मन राखलं. सात नव्या शाळांचा हुकूम सुटला, आणि ज्या जुन्या शाळेत वीस मुलं भरणार नाहीत ती बंद करण्याचाही. विटा कुणी द्यायच्या? अर्थातच गावांनी. घरटी आकडा ठरला.

त्या राज्यात विटा पाडणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथल्या एका घरात नुकतीच एक सून आली होती. तिला अक्षर येत नव्हतं. तिची नणंद नऊ वर्षांची. ती शाळेतून आली, की चुलीपुढच्या राखेत बोटानं एक अक्षर काढायची आणि म्हणायची, "वहिनी, गिरव. चुकलीस तर उद्या नवीन नाही." सून गुपचूप गिरवायची. रोज एक अक्षर.

हुकूम आला आणि राखेतली शाळा बंद पडली. नणंद पहाटेच मातीच्या खड्ड्यावर जाऊ लागली.

त्या गावची रीतच तशी होती. विटांचा चिखल पोरांनीच तुडवायचा. मोठ्यांच्या टाचा भेगाळलेल्या, त्यांना खडा लागत नाही. पोरांच्या कोवळ्या तळव्यांना लगेच टोचतो. टोचला की काढून टाकायचा, नाहीतर भट्टीत वीट तडकते. घरच्यापुरत्या विटा असत तेव्हा हे काम चार दिवसांत उरकायचं. आता महिने झाले, खड्डा रिकामा होईना.

एके दिवशी राजा स्वतः पायाभरणीला आला. आधी जुनी शाळा पाहिली. पटावर सव्वीस नावं, समोर चार मुलं.

"पाहिलंत?" प्रधान म्हणाला. "या लोकांना शिकण्याची हौसच नाही. घुमट दिसला की येतील."

"आज चार आहेत, उद्या दोन होतील," खजिनदार म्हणाला. "आजच कुलूप घाला."

राजानं जमलेल्या लोकांना विचारलं, "पोरं का येत नाहीत? सांगा कुणीतरी."

सून बायकांच्या घोळक्यात उभी होती. नव्या सुनेनं वर्षभर चारचौघांत बोलायचं नाही, असा तिथला दंडक. सांगायचंच असेल तर सासूच्या कानात. मग सासू ते जगाला सांगणार. सून सासूच्या कानाशी लागली.

सासूचा चेहरा उतरला. तिनं हात जोडले. "महाराज, सून म्हणते, शाळा फार देखणी होईल."

सुनेनं तिचा पदर ओढला. "आत्याबाई, मी असं म्हटलं नाही."

"गप गं. राजा आहे तो."

"म्हणूनच सांगा."

सासूनं पुन्हा हात जोडले. "ती म्हणते... चिखल कोण तुडवतं ते विचारा."

"चिखल?" राजा म्हणाला. "त्याचा इथं काय संबंध?"

सून पुन्हा कानाशी आली, पण सासू बाजूला सरली. "तूच बोल बाई. माझ्या तोंडून ते नुसतं पातळ होऊन बाहेर पडतं."

मग सून बोलली. आवाज चढला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "आधी तुम्ही किल्ल्याचा तट बांधायला काढलात, त्याच्या विटांना निम्मी पोरं गेली, महाराज. या शाळांच्या विटांना उरलेली. पोरं नाहीत म्हणून तुम्ही शाळा बांधताय, आणि शाळा बांधताय म्हणून पोरं नाहीत. सगळा दरबार पावसाळाभर भांडला, आणि एकाला खड्ड्यापर्यंत चालत येता आलं नाही? चला, दाखवते."

राजा चालत गेला. खड्ड्यात बावीस मुलं गुडघाभर चिखलात उभी होती. राजानं नणंदेला विचारलं, "शाळेत का जात नाहीस?"

"जाणार ना! सात शाळा झाल्या, की सुट्टी आहे आम्हाला." तिनं पायातला खडा काढून बाहेर फेकला. त्याला रक्त लागलं होतं. "पण वहिनी म्हणते, तोवर माझंच लग्न होईल."

राजाला लाज वाटली. त्यानं दोन्ही हुकूम तिथल्या तिथं फाडले आणि मुलांना वर काढलं.

"पण महाराज, जुन्या शाळेच्या भिंतीला तरी विटा लागतीलच," प्रधान कुरकुरला. "चिखल कोण तुडवणार?"

आता सासूला कंठ फुटला. "कोवळे तळवेच हवेत ना? या दोघा साहेबांना पालखीतून खाली उतरलेलं कुणी पाहिलंय का?"

सारं गाव हसलं. राजा हसला नाही. त्यानं दोघांचे जोडे काढायला लावले.

प्रधान आणि खजिनदार खड्ड्यात उतरले आणि पहिल्याच खड्याला ओरडले. भिंत होईपर्यंत ते रोज ओरडत होते. शेजारच्या शाळेत सव्वीस मुलं मोठ्यानं पाढे म्हणायची, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या दिवशी खड्ड्यावरून निघताना राजा सुनेला म्हणाला, "बक्षीस माग."

"या पोरांचे गेलेले महिने परत द्या," ती म्हणाली.

राजानं खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदारानं चिखलातूनच मान हलवली. खजिन्यात ते नव्हते.

"मग बक्षीस राहू दे," सून म्हणाली, आणि नणंदेचा पाय धुवायला पाणी आणायला गेली.

तात्पर्य: मुलं का येत नाहीत हे न पाहता जो शाळा बांधतो किंवा बंद करतो, तो मुलांनाच पायाखाली घालतो.