डोंगरातला ड्रॅगन

“पण गुरुजी, हे शास्त्र आहे, धर्म आहे, की नुसती अंधश्रद्धा?”

युआन उतारावरच थांबून विचारत होता. शहरात जमीनमोजणी शिकलेला हा तरुण दोन वर्षांपासून तोंग गुरुजींकडे फेंगशुई शिकत होता. वारा आणि पाणी पाहून घरांची, थडग्यांची जागा ठरवायची ही चिनी विद्या.

त्या सकाळी होकायंत्र लावून त्याने गाव शुभ ठरवलं होतं. पाठीशी डोंगर, पुढ्यात नदी. आणखी काय हवं?

गुरुजींनी होकायंत्राकडे पाहिलंच नाही. ते उतारावरची झाडं पाहत होते. सगळी गावाच्या बाजूला कलली होती. पाऊस नसताना विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं.

त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं, डोंगरातला ड्रॅगन कूस बदलतोय. दिवस मावळायच्या आत नदीपलीकडे जा.

लोक भराभर निघाले. युआनला ते खटकलं.

“माती सरकतेय, एवढंच सांगायचं. ड्रॅगन कशाला?”

“शेवटच्या घरातले कुओ आजोबा निघत नाहीत,” गुरुजी म्हणाले. “त्यांना तू सांग.”

युआनने म्हाताऱ्याला मातीचे थर समजावले, पाणी कसं मुरतं ते समजावलं. कुओ आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग घरामागच्या थडग्याकडे बोट केलं.

“तिथे माझे वडील आहेत. त्यांना एकटं सोडू?”

वरून खडे घरंगळत आले. छपरावरची कौलं हलली...

तो थडग्यापुढे गेला, गुडघे टेकले, कपाळ मातीला लावलं.

“पणजोबा, ड्रॅगन उठतोय.” तो म्हणाला. “आमच्याबरोबर चला.”

कुओ आजोबांनी काठी घेतली.

दोघं पूल ओलांडून जेमतेम दहा पावलं गेले असतील, तोच डोंगराची कड सुटली. धूळ बसली तेव्हा वरची आळी राहिली नव्हती. माणसं मात्र सगळी नदीपार होती.

युआन गुरुजींजवळ येऊन बसला.

“गुरुजी, मी त्यांच्याशी खोटं बोललो का?”

गुरुजींनी पुलाकडे पाहिलं.

“पुलावर तुम्ही दोघंच होतात,” ते म्हणाले. “मागं वळून वळून कोणाची वाट पाहत होतास?”