ठमी मुंगीचं दार आणि टप्प टप्प तेल

मुंगी केवढी? एवढुशी.
तिचा राग केवढा? ट्रॅक्टरएवढा!

या मुंगीचं नाव ठमी. दगडूकाकांच्या शेडमध्ये एक छोटा लाल ट्रॅक्टर. ट्रॅक्टरखाली ठमीचं घर. घराला दार तिळाएवढं.

दगडूकाका रोज सकाळी मुंग्यांना साखर घालायचे. चिमूटभर. मग हात जोडायचे. "खा गं बायांनो," म्हणायचे, "मला पुण्य लागू दे."

एक दिवस ठमीने साखरेचा दाणा उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु, दाराशी आली. तेवढ्यात वरून पडलं...

टप्प!

तेल! चिकट चिकट तेल! नांगर वर उचलायचं ट्रॅक्टरचं तेल! दाणा बुडाला. दार बंद झालं. आतून बाळं ओरडली, "आई गं, अंधार!"

"अगं बाई!" ठमी भडकली. "कुणाचं हे काम? थांबा, बघतेच एकेकाला!"

तुरुतुरु, तुरुतुरु, ठमी गेली ट्रॅक्टरकडे.

"ट्रॅक्टरदादा, ट्रॅक्टरदादा!
तेल गळतं टप्प टप्प,
दार झालं बंद, बाळं माझी आत!
गळायचं थांब!"

"मी गळत नाही," ट्रॅक्टर म्हणाला. "पाइप गळतो. त्याला सांग."

"हो का? बरं!" तुरुतुरु, तुरुतुरु, ठमी गेली पाइपाकडे.

"पाइपदादा, पाइपदादा!
ट्रॅक्टर म्हणतो, मी गळत नाही.
तेल गळतं टप्प टप्प,
दार झालं बंद, बाळं माझी आत!
गळायचं थांब!"

"मी काय करू?" पाइप म्हणाला. "माझ्या टोकाला रबरी वायसर आहे. तो मला घट्ट धरत नाही. त्याला सांग."

"हो का? बरं!" तुरुतुरु, तुरुतुरु, ठमी गेली वायसरकडे.

"वायसरआजोबा, वायसरआजोबा!
पाइप म्हणतो, वायसर धरत नाही.
ट्रॅक्टर म्हणतो, मी गळत नाही.
तेल गळतं टप्प टप्प,
दार झालं बंद, बाळं माझी आत!
घट्ट धरा!"

"मी झिजलो गं," वायसर म्हणाला. "मिस्त्री मला बदलत नाही. त्याला सांग."

"हो का? बरं!" तुरुतुरु, तुरुतुरु, ठमी गेली समोरच्या दुकानात. युसूफ मिस्त्री बशीतून चहा पीत होता. फुर्रर्र!

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा!
वायसर म्हणतो, मिस्त्री बदलत नाही.
पाइप म्हणतो, वायसर धरत नाही.
ट्रॅक्टर म्हणतो, मी गळत नाही.
तेल गळतं टप्प टप्प,
दार झालं बंद, बाळं माझी आत!
वायसर बदला!"

"न बोलावता कसा येऊ?" मिस्त्री म्हणाला. "काका मला बोलवत नाहीत. त्यांना सांग."

आता मात्र ठमीचे पाय दुखायला लागले. राग तर नाकावर बसला. तुरुतुरु, तुरुतुरु, ठमी आली शेडमध्ये. दगडूकाका नवं पांढरं धोतर नेसून उभे. हातात तेलाचा डबा. ट्रॅक्टरमध्ये तेल ओतत होते. गट गट गट!

"काका, अहो काका!
मिस्त्री म्हणतो, काका बोलवत नाहीत.
वायसर म्हणतो, मिस्त्री बदलत नाही.
पाइप म्हणतो, वायसर धरत नाही.
ट्रॅक्टर म्हणतो, मी गळत नाही.
तेल गळतं टप्प टप्प,
दार झालं बंद, बाळं माझी आत!
मिस्त्रीला बोलवा!"

काका हसले. "एवढंसं तर गळतंय! खालून गळतं, मी वरून ओततो. ट्रॅक्टर बंद पडला, की बघू. जा, ट्रॅक्टरला सांग."

"पुन्हा ट्रॅक्टर?" ठमी ओरडली. "सकाळी साखर घालता, दिवसभर तेल घालता! हे कसलं हो पुण्य?"

आणि ठमी चावली. काकांच्या पायाच्या अंगठ्याला. कडकडून!

"आई आई गं!" काका एका पायावर उडाले. टुणुक टुणुक! पाय पडला तेलावर. सर्रर्र... धप्प!

काका बसले तेलात. धोतराला हा एवढा डाग!

"अरे देवा! माझं नवं धोतर! कुणी सांडलं हे तेल?"

ट्रॅक्टरने पाइपाकडे बघितलं. पाइपने वायसरकडे बघितलं. वायसरने काकांकडे बघितलं.

"तुम्हीच!" ठमी म्हणाली.

काकांनी धोतर बघितलं. तिळाएवढं दार बघितलं. आतून आवाज आला, "आई गं, अंधार!"

"चुकलंच माझं," काका म्हणाले. आणि मोठ्ठ्याने ओरडले, "युसूफ! अरे ये लवकर!"

मिस्त्री धावत आला. "आधी नांगर खाली टेकवा, काका, म्हणजे तेलाचा जोर उतरेल," म्हणाला. मग पाना फिरवला. कर्र कर्र! जुना वायसर काढला. नवा बसवला.

वायसरने पाइप धरला.
पाइपने तेल धरलं.
ट्रॅक्टर गळायचा थांबला.
टप्प... टप्... थांबलं!

काकांनी तेलावर भुसा टाकला. सगळं तेल पुसून काढलं. बारीक काडीने हळूच दार उघडलं. बाळं बाहेर आली. एक, दोन, तीन! आईला बिलगली.

"आणि माझा दाणा?" ठमी म्हणाली. अजून फुगलेलीच!

"देतो गं बाई," काका म्हणाले. त्यांनी चार दाणे ठेवले. एक ठमीचा, तीन बाळांचे.

आता काका रोज सकाळी आधी ट्रॅक्टरखाली हात फिरवतात. कोरडं आहे? कोरडं! मगच साखर घालतात.

तेल राहिलं पाइपात,
साखर गेली पोटात,
आणि ठमी झोपली घरात, दार उघडं ठेवून.