राजेसाहेब तसूभरही हलले नाहीत

“अगं, ऐकलंस का? राजेसाहेब आपल्या जोशीबुवांना नदीपार—”

घाटावर धुणं आपटणारी सखू एवढं बोलली आणि पहारेकरी आला म्हणून गप्प झाली. बायकांचं काय, अर्धी बातमी हाती लागली की उरलेली अर्धी घरची घालायची! धुण्याचे पिळे होईतो जोशीबुवांच्या गळ्यात धोंडा बांधून त्यांना डोहात सोडूनही झालं.

घागर भरायला आलेल्या हौसाला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. ती भोयाची लेक. गेल्या पुरात भोयांची खोपटी वाहून गेली, तेव्हा विश्वंभर जोशीबुवांनी सोवळं-ओवळं बाजूला ठेवून आपली ओसरी मोकळी करून दिली होती. असा माणूस गावातून जायचा?

घागर उचलून ती तडक राजनौकेवर गेली. तिचं काम तिथलंच. सोनवडचे राजे सर्जेराव उन्हाळ्यातल्या दुपारी घाटाला बांधलेल्या मोठ्या नावेत काढायचे. चारी बाजूंनी वाळ्याचे पडदे, आत गारवा! राजे सोंगट्या खेळणार आणि हौसा बाहेरच्या फळीवरून पडद्यांवर पाणी मारत राहणार. नाव कित्येक वर्षांत जागची सुटली नव्हती.

आत राजे आणि जोशीबुवांची सकाळपासून चांगलीच जुंपली होती.

“म्हणजे सूर्य फिरत नाही? पृथ्वी फिरते? सूर्याभोवती?” राजे ओरडत होते.

“होय महाराज. पूर्वीपासून पृथ्वी मधोमध धरून गणित मांडतात. मीही जन्मभर तेच केलं. पण ग्रह मध्येच मागे का फिरतात, हे जुळवायला वर्तुळावर वर्तुळं चढवत बसावं लागतं. सुरतेला एक परदेशी पंडित भेटला, त्याने सूर्य मधे ठेवला. मी तसं मांडून पाहिलं आणि गुंता सुटला! शनी मागे फिरतच नाही. तो आपला रमतगमत पुढेच चालतो. आपली पृथ्वी भरभर त्याला ओलांडून जाते, म्हणून तो मागे गेल्यासारखा दिसतो.”

“शाबास! मग गेल्या साली शनी वक्री म्हणून माझ्याकडून तेल, तीळ अन् काळी म्हैस कशाला नेलीत?”

बुवा खाकरले. “तेव्हा मला ठाऊक नव्हतं, महाराज.”

“मग म्हैस परत करा!”

“ती... नुकतीच व्याली, महाराज.”

“बास! पृथ्वी फिरत असती तर मी गडगडलो नसतो? हा सरबताचा पेला सांडला नसता? हललेलं माणसाला कळतं! मला जागेपणी, बसल्या जागी, कळू न देता हलवून दाखवा. उद्या सूर्य मावळायच्या आत! नाहीतर पोथ्या बांधा आणि नदीपार व्हा. पुन्हा सोनवडात पाय ठेवायचा नाही!”

बुडवणार नव्हते तर! पण म्हातारपणी घरदार सोडायला लावायचं, म्हणजे तरी वेगळं काय? हौसाच्या तोंडून निघूनच गेलं, “मी हलवते, म्हाराज!”

पडदा बाजूला झाला.

“तू कोण गं?”

“हौसा. वाळ्याला पाणी घालते.”

“आणि मला हलवणार? जोशीबुवा, तुमच्या पृथ्वीला वाली मिळाला! हलव हो. पण हरलीस तर बुवांच्या मागोमाग तुझा बापही नदीपार. कबूल?”

“कबूल! अन् जिंकले तर?”

“मागशील ते!”

घरी बापाने कपाळ बडवून घेतलं. “जिभेला काही हाड तुझ्या?” हौसा त्याच्या कानाशी लागली. बापाचा हात कपाळावरून खाली आला तो सावकाश मिशीवर गेला.

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब सावध होते. आत शिरण्याआधी त्यांनी नावेचा दोर स्वतः ओढून पाहिला. घट्ट! मग सोंगट्यांच्या पटाशेजारी काठोकाठ भरलेला पेला ठेवला.

“हा माझा पहारेकरी! थेंब सांडला तर मी हललो.”

समोर जोशीबुवा बसले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. बाहेर हौसा पडद्यांवर पाणी मारत होती. छपाक! छपाक!

“आज फारच जोर आलाय गं अंगात!” राजे आतून म्हणाले.

“ऊन पण तसंच आहे की, म्हाराज!”

डाव रंगले. बुवा हरत गेले, राजे खुशीत आले. वाळ्यातून येणारा उजेड पिवळा पडला.

“हौसा! दिवस सरला. हलवणार कधी?”

“हलवून झालं, म्हाराज.”

“खोटं! तसूभरही हललो नाही. पेल्याला विचार!”

पेला काठोकाठ भरलेला. बुवांनी डोळे मिटून घेतले.

“नक्की नाही हललात?”

“कुलस्वामिनीची शपथ!”

हौसाने पडदा वर ओढला. समोर घाटाच्या पायऱ्याच नाहीत! मऊ वाळू आणि कलिंगडाचे वेल. राजे गर्रकन मागे वळले. तिकडचा पडदाही वर गेला. राजवाडा दूर, पलीकडच्या काठावर!

“अरे! माझा वाडा कोणी पलीकडे नेला?”

“तुम्ही तर जागचे हलला नाहीत, म्हाराज,” हौसा म्हणाली. “म्हणजे वाडाच गेला असणार! घाट गेला, देऊळ गेलं, वडसुद्धा गेला. रोज सूर्य जातो ना, अगदी तसेच!”

तेवढ्यात नावेच्या कडेला गळ्याइतक्या पाण्यातून हौसाचा बाप आणि दोन काका वर आले आणि त्यांनी मुजरा केला. घाटावरचं दोराचं टोक त्यांनीच हळूच सोडलं होतं. वल्हं न मारता, पोहत पोहत संथ डोहावरून नाव ढकलत आणली होती. त्यांचा आवाज हौसाच्या छपाक-छपाकमध्ये बुडून गेला होता.

राजे एकदा वाड्याकडे बघत, एकदा पेल्याकडे. आणि मग असे खदाखदा हसले, की पेला शेवटी सांडलाच!

“हरलो, पोरी! माग!”

“माझ्या बापाला नावेच्या उताराचा हक्क द्या, माणसं पार नेऊन पैसे घ्यायचा. आणि बुवांना...”

“बुवा नदीपारच जाणार!”

हौसाचा चेहरा पडला.

“अगं, त्या वाळूमागच्या टेकडीवर! तिथे ग्रह बघायला चौथरा बांधून देतो. बुवा, पृथ्वी फिरत असली तर कळणार नाही, एवढं मी मानलं. ती फिरतेच, हे काही अजून मानलेलं नाही. ते तिथून दाखवा!” आणि त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं.

पुढच्याच आठवड्यात जोशीबुवा नदीपार गेले. सखूचं तेवढं खरं निघालं! पण गेले ते हौसाच्या बापाच्या नावेतून, नव्याकोऱ्या शेल्यात. आणि रात्रभर ग्रह बघून रोज सकाळी न्याहारीला घरी परत!