खारूताईला सगळं ठाऊक

माणूस झाडाला विचारून फांदी तोडायचा, तेव्हाची गोष्ट. चिंचेच्या ढोलीत एक खार राहायची. एकदा ती बाहेर गेली असताना ढोलीत साप शिरला. बुंध्याशी बसलेल्या गोगलगायीनं ते पाहिलं. खार परतताच तिनं सावकाश सुरुवात केली.

“खारूताई, तुझ्या ढोलीत...”

“पसारा आहे, माहितेय.”

“तसं नव्हे गं, आत कोणीतरी...”

“पाहुणे आले असतील. तुलाही जेवायला बोलवू का?”

असं म्हणत खार ढोलीच्या तोंडाशी पोचली. आतून साप फुत्कारला, तशी शेपटीचे चार केस गमावून ती खाली आली.

“एवढा साप आत, आणि सांगायला तुझं तोंड दुखत होतं?”

गोगलगायीनं तोंड उघडलं, तोवर खार पोपटाला सांगत सुटली होती, “हल्लीचे शेजारी ना, काही म्हणता काही बोलत नाहीत.”