मागच्या टायरची हवा

टायरना बोलता येत होतं आणि पंपांना ते ऐकावं लागत होतं, त्या काळातली गोष्ट. नागूतात्यांच्या सायकल दुकानात एक मागचा टायर घाबरून उभा होता. त्याच्या जुन्या ट्यूबची दोन पंक्चर काढलेली होती, आणि आता कॅरिअरवर पाच वर्षांची मंजू बसून आईबरोबर मामाच्या गावाला निघणार होती.

पंप म्हणाला, "अंगठा दाबला तरी रुतणार नाही इतकी हवा भरू. दगडासारखा हो!"

"अहो पंपदादा, उन्हात फुटलो तर पोर पडेल ना!"

हवेचा दाब मोजणारं नवं मीटर पुढे सरसावलं. "अंगठ्याचं काय ऐकतोस? पुढच्याला चाळीस, तुलाही चाळीस. माझा काटा खोटं बोलत नाही."

"काटा खराच आहे हो. पण पुढच्यावर नुसती पिशवी, आणि माझ्यावर दोन माणसं."

"मग मोजायचं कसं, तूच सांग की शहाण्या!" पंप चिडला.

"सायकल स्टँडवर रिकामी असताना नका मोजू. आधी दोघींना बसू द्या, मग माझं पोट बघा."

दोघी बसल्या. टायर पार चपटा झाला. पंपाने हळूहळू हवा भरली आणि पोट जरासंच फुगलेलं राहिल्यावर तो थांबला. मीटरने पाहिलं, काटा पन्नासावर होता. ते गुपचूप म्हणालं, "मागच्याला पन्नास. लक्षात ठेवीन."

एरवी आई दर वळणावर मागे हात नेऊन मंजूला चाचपायची. त्या दिवशी खडीच्या रस्त्यावरही फारसे धक्के बसले नाहीत; तिने एकदाच चाचपलं, मग दोघी गाणी म्हणत गेल्या.