पानावरचे हात

“...पण मग बुवा, एका दुपारी चार ठिकाणी हजर राहायचं कसं?”

विश्वंभर मठात आला तेव्हापासून धड टेकलाही नव्हता. गावात त्याचा लौकिक मोठा. कुणीही बोलवावं, हा हजर. त्याच्या तोंडून ‘नाही’ कुणी ऐकलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना अभिमानानं सांगत असे.

“कुठं कुठं जायचंय?” चिंतूबुवांनी विचारलं.

“पतसंस्थेची सभा आहे, सूत्रसंचालन माझ्याकडं. शाळेत लेझीम स्पर्धा, पंच मीच. साडूच्या बोअरला नारळ फोडायचाय...”

“आणि चौथं?”

“बारसं.”

“कुणाच्या पोराचं?”

“माझ्याच पोरीचं.”



बारसं खरं तर मागेच व्हायचं होतं. पाळणा सजला होता, आत्या पोरीच्या कानात नाव सांगायला आसुसून बसली होती, आणि बाप पलीकडच्या गल्लीत भलत्याच्याच बारशात माइक धरून उभा. सगळं लांबणीवर पडलं. आता बायकोनं निक्षून सांगितलं होतं, “उद्या दुपारी नसलात तर नाव ठेवून मोकळी होईन, आणि ते तुम्हाला सांगणार नाही.” ती बोलेल तसं करणारी बाई.

इतक्यात खिशातला फोन वाजला.

“येतो की. छे छे, अडचण कसली? उद्याच येतो.”

फोन ठेवून तो ओशाळं हसला. “चार नव्हे बुवा, पाच... वेळ पुरेल असा एखादा मंत्र द्या.”

“आधी जेवून घे.”

गुरुवारचा प्रसाद होता. पत्रावळीवर गव्हाची खीर, आणि वाढायला खुद्द बुवा.

“वाढू?”

“वाढा की.”

“आणखी?”

“आता तुम्ही म्हणताय तर...”

पंगत उठली. विश्वंभर एकटाच उरला. त्यानं पट्टा सैल केला, मग शर्टाचं खालचं बटण काढलं. बुवा पुन्हा आले. तो क्षीण आवाजात “थोडीच” म्हणाला. बुवांनी पळी भरून वाढली. ती त्यानं कशीबशी संपवली.

बुवा पुन्हा आले.

या खेपेस विश्वंभरला बोलवेना. तो पुढं वाकला आणि दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले.

पळी वरच थांबली...

तेवढ्यात फोन वाजला. विश्वंभरनं एक हात उचलला. पळी खाली आली. हात झटकन जागेवर गेला.

फोन वाजून बंद पडला. पुन्हा वाजला.

“साडू असेल,” विश्वंभर कळवळून म्हणाला.

“असू दे.”

“रागावेल हो तो.”

“खीर वाढू?”

विश्वंभरनं हात आणखी घट्ट दाबले. फोन वाजत राहिला, मग गप्प झाला. मठात कुठं काही बिघडलं नाही. ओट्यावरचं मांजर तेवढं कूस बदलून झोपलं.

बराच वेळ गेला...

“बुवा, आता काढू का हात?”

बुवांनी पळी खिरीच्या पातेल्यात ठेवली.

“जा, धुऊन ये ते हात. पण उद्या पाळण्यापाशी फोन वाजला तरी दिवस मावळेपर्यंत ते उचलू नकोस.”